पॉवर टिलरचं ऑइल सील गळतंय? चिखलणीआधीच बदला

मे महिना उतरणीला लागला आहे. राब भाजून झाले, बांधबंदिस्ती चालू आहे, कुठे धूळवाफेवर भात पेरायची तयारी आहे. अशा वेळी आपण बियाणं पाहतो, खताची सोय पाहतो. मात्र पडवीत ताडपत्री टाकून ठेवलेला पॉवर टिलर पहिला पाऊस पडेपर्यंत तसाच राहतो. पाऊस पडला की ताडपत्री काढायची, डिझेल घालायचं, हँडल मारायचं आणि खाचरात उतरवायचा, असा आपला रिवाज.

आज मी या टिलरच्या एका लहानशा भागाविषयी बोलणार आहे. हा भाग बांगडीएवढा असतो, रबराचा असतो आणि यंत्र जोडलेलं असताना तो दिसतही नाही. त्याला ऑइल सील म्हणतात. चाकाचा धुरा गिअरच्या पेटीतून जिथे बाहेर येतो, तिथे हे सील बसवलेलं असतं. रोटरीचा शाफ्ट जिथे बाहेर येतो, तिथेही असतं.

आपल्या देशात १९६० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने पॉवर टिलर बनू लागले. आज कोकणात आणि भाताच्या इतर भागांत जुने, दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे टिलर पुष्कळ आहेत. इंजिन चांगलं चालतं, पाती नवी घातलेली असतात, पण चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ असतो. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "जुनी मशीन आहे साहेब, थोडं गळायचंच. मी वरून तेल घालतो."

आजचं सगळं बोलणं या एका वाक्यावर आहे.

तेल बाहेर येतं, तिथूनच पाणी आत जातं

मंडळी, गळक्या घागरीतून पाणी फक्त बाहेर जातं. गळक्या सीलचं तसं नाही. ते दोन्हीकडून वाट देतं.

ही गोष्ट नीट समजून घ्या. टिलर सकाळपासून चालला की गिअरची पेटी गरम होते. आतली हवा फुगते आणि वर जे लहान श्वासछिद्र असतं, ज्याला मेकॅनिक ब्रीदर म्हणतात, त्यातून बाहेर पडते. दुपारी तुम्ही टिलर खाचरातच उभा करून जेवायला जाता. पेटीच्या अंगाला गार पाणी लागतं. पेटी थंड होते, आतली हवा आक्रसते आणि पेटी बाहेरून हवा ओढू पाहते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर हवा येणार कुठून? मग ही ओढ सीलवर येते. सीलचा ओठ झिजलेला असला की पेटी तिथून चिखलाचं पाणी आत घेते. सकाळी तेल बाहेर आलं, दुपारी पाणी आत गेलं. संध्याकाळी तुम्ही पातळी पाहता तर ती बरोबर! तुम्हाला वाटतं गळती थांबली. प्रत्यक्षात तेलाची जागा पाण्याने घेतलेली असते.

पाणी मिसळलेलं तेल दुधाळ होतं, जास्त दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. त्यात वंगणाचा गुण उरत नाही. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज धरतो, त्यांना बारीक खड्डे पडतात. पाण्याबरोबर आलेली बारीक वाळू गिअरचे दात घासते. हे सगळं बंद पेटीत चाललेलं असल्यामुळे कळत नाही. कळतं तेव्हा आवाज यायला लागलेला असतो, आणि तो येतो नेमका चिखलणीच्या भरात.

आमच्या भागातल्या दोघा भावांची गोष्ट सांगतो. त्यांचा टिलर जुना, पण घरच्या शेताबरोबर शेजाऱ्यांचीही चिखलणी करून द्यायचा. दोन वर्षं डाव्या चाकाजवळ तेल गळत होतं आणि दोन वर्षं ते वरून तेल घालत होते. गेल्या पावसाळ्यात चिखलणीच्या तिसऱ्या दिवशी आतलं बेअरिंग फुटलं आणि त्याचे तुकडे गिअरमध्ये गेले. तालुक्याला सुटा भाग नव्हता, तो जिल्ह्याहून मागवावा लागला. भाड्याने दुसरा टिलर मिळेना, कारण त्या आठवड्यात सगळ्यांचीच घाई. टिलर पुन्हा चालू होईपर्यंत राबातलं रोप चाळीस दिवसांचं झालं. आपण लावणी साधारण २१ ते २५ दिवसांच्या रोपाची करावी म्हणतो. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात, हे तुम्हाला सांगायला नको. शेजाऱ्यांना दिलेला शब्दही गेला. नुकसान बेअरिंगचं झालं, भाताचं झालं आणि पतीचंही झालं. सील वेळेवर बदललं असतं तर एका सकाळचं काम होतं.

सील कसं काम करतं

सील हातात घेऊन पाहिलंत तर बाहेरून पत्र्याची कडी असते, तिच्यावर रबर असतं. आतल्या बाजूला रबराचा पातळ ओठ असतो. या ओठामागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. ही स्प्रिंग ओठाला फिरत्या धुऱ्यावर हलकेच दाबून धरते. ओठ आणि धुरा यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर राहतो. त्या थरामुळे ओठ जळत नाही आणि तेल बाहेरही येत नाही. चिखलात चालणाऱ्या यंत्राच्या सीलला बहुधा बाहेरच्या बाजूला आणखी एक लहान ओठ असतो. तो धूळ आणि चिखल अडवतो. काही टिलरना एकापुढे एक अशी दोन सीलं असतात.

हे सील खराब का होतं? पाच कारणं सांगतो.

पहिलं, धुऱ्याला गुंडाळलेली दोरी. खताच्या गोणीचा धागा, रोपाच्या जुड्या बांधायची प्लॅस्टिकची सुतळी, पेंढा, हे सगळं धुऱ्यावर गुंडाळत जातं आणि करकचून सीलच्या ओठाखाली शिरतं.

दुसरं, टिलर वर्षातले कित्येक महिने उभा राहणं. ओठ एकाच जागी कोरडा चिकटून बसतो, रबर कडक होतं. पहिल्याच फेऱ्यात ते फाटतं.

तिसरं, बेअरिंगची झीज. धुरा हलायला लागला की सील कितीही नवं असो, ओठ एका बाजूने सुटतो.

चौथं, धुऱ्याला पडलेली खाच. ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासला की, बारीक वाळूच्या मदतीने, तो पोलादालाही चर पाडतो. दोरीने दगड कापावा तसं.

पाचवं, बुजलेला ब्रीदर किंवा पातळीपेक्षा जास्त भरलेलं तेल. आत दाब वाढतो आणि तेल वाट काढतं.

म्हणून ध्यानात घ्या, नुसतं सील बदलून भागत नाही. कारण शोधलं नाही तर नवं सील त्याच पावसाळ्यात गळेल आणि तुम्ही दुकानदाराला दोष द्याल.

आधी परीक्षा

टिलर रात्रभर सपाट जागेवर उभा राहू द्या. सकाळी, चालू करण्याआधी, पेटीखालचा ड्रेन प्लग दोन-तीन आटे सैल करा आणि खाली काचेची बरणी धरा. पाणी तेलापेक्षा जड. रात्रीतून ते तळाला बसतं आणि पहिल्यांदा तेच बाहेर येतं. बरणीत पाणी आलं किंवा दुधाळ तेल आलं, तर सील गेलं असं समजा.

शंका राहिली तर जुन्या पत्र्याचा तुकडा गरम करा आणि त्यावर त्या तेलाचे एक-दोन थेंब टाका. नुसतं तेल असेल तर गुपचूप पसरतं. पाणी असेल तर तडतडतं. हे करताना तोंड लांब ठेवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि स्वयंपाकाचा तवा मात्र घेऊ नका!

आता दुरुस्ती

इंजिन बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. पेटीखाली लाकडाचे भक्कम ओंडके लावा, म्हणजे दुरुस्तीचं चाक जमिनीपासून उचललं जाईल. दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. नुसत्या जॅकवर किंवा कुणाच्या हातावर टिलर तोलून खाली हात घालू नका.

चाक काढण्याआधी ते दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहा. धुराच हलतो आहे, खडखड लागते आहे असं वाटलं तर बेअरिंगही बदलावं लागणार. ते काम माहितगार मेकॅनिककडून करून घ्या. धुरा घट्ट असेल तर पुढचं काम थोडी हत्यारांची सवय असलेला शेतकरी घरी करू शकतो.

तेल एका डब्यात पूर्ण काढून घ्या. तेल दुधाळ असेल तर पेटी धुवायला हवी. थोडं चांगलं गिअर ऑइल आणि तेवढंच डिझेल एकत्र करून पेटीत घाला. इंजिन मंद ठेवून, चाक अधांतरी असताना, एक-दोन मिनिटं फिरवा आणि लगेच इंजिन बंद करून हे मिश्रण काढून टाका. फिरत्या चाकाजवळ धोतर, लुंगी, पदर येऊ देऊ नका. प्लग उघडाच ठेवून तास-दोन तास निथळू द्या.

मग चाक काढा. भोवतालचा चिखल, गुंडाळलेली सुतळी खरवडून, ब्रशने आणि डिझेलच्या चिंधीने जागा अशी साफ करा की तिथे जेवण वाढता यावं. एवढ्यासाठी सांगतो की झाकण उघडल्यावर आत पडलेली चिमूटभर माती नव्या सीलचा जीव घेते.

झाकणाचे बोल्ट काढा. बऱ्याच टिलरमध्ये सील या झाकणातच बसवलेलं असतं. काहींत ते पेटीच्या अंगात असतं. काढण्याआधी सील कोणत्या तोंडाने बसलं आहे आणि किती खोल बसलं आहे ते पाहून ठेवा. दोन सीलं असतील तर प्रत्येकाचं तोंड कुठे आहे ते वेगवेगळं पाहा. घरात मुलाकडे मोबाईल असेल तर फोटो काढून ठेवा, आठवणीपेक्षा तो बरा.

आता स्क्रू-ड्रायव्हर सीलच्या ओठाखाली घालून हळूहळू, जागा बदलत, सील उचकटा. सील फाटलं तरी चालेल, ते टाकायचंच आहे. पण ज्या गाळ्यात ते बसतं तिथे आणि धुऱ्यावर ओरखडा उठता कामा नये.

जुनं सील पुसून त्यावरचे आकडे वाचा. समजा ३५-५५-८ असं लिहिलं आहे. पहिला आकडा धुऱ्याची जाडी, दुसरा सीलची बाहेरची रुंदी, तिसरा सीलची उंची, सगळं मिलिमीटरमध्ये. दुकानात याच आकड्यांचं आणि दोन ओठ असतील तर दोन ओठांचंच सील मागा. जुनं सील बरोबर न्या. "हे बसेल, चालवून घ्या" असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. नवं सील हातात घेऊन ओठ बोटाने हलकेच वाकवून पाहा. तो मऊ असावा, चिरलेला नसावा, स्प्रिंग जागेवर असावी. घरी आणल्यावर सील खिळ्याला अडकवून ठेवू नका, ओठाचा आकार बिघडतो. पुडीतच, उन्हापासून दूर ठेवा.

धुऱ्याची नखाने परीक्षा

सील बसवण्याआधी धुरा पुसून कोरडा करा. ओठ जिथे टेकतो तिथे चकाकणारा पट्टा दिसेल. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर उत्तम. थोडा गंज असेल तर बारीक, ४०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून धुऱ्याभोवती गोल गोल फिरवा. धुऱ्याच्या लांबीने कधीही घासू नका. तसे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायला पाटच.

नख खाचेत अडकलं तर नुसत्या सीलने काम होणार नाही. गाळ्यात जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ नव्या जागी टेकेल. जागा नसेल तर लेथवाल्याकडून धुऱ्यावर पातळ पोलादी बाही बसवून घ्या किंवा धुरा भरून घासून घ्या. तेही शक्य नसेल तर धुरा बदला. यात काटकसर करू नका.

सील बसवणं

धुऱ्याच्या टोकाला कडा असतात. काही यंत्रांत धुरा षटकोनी असतो, काहींत चावीची खाच असते. या कडांवरून सील ढकललं की ओठ कापला जातो आणि सील बसवण्याआधीच गळकं होतं. म्हणून टोकावर जाड, गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा, तिला तेल लावा आणि तिच्यावरून सील सरकवा. मग पिशवी काढून घ्या.

सीलच्या ओठाला आधी स्वच्छ तेल लावा. दोन ओठ असतील तर त्यांच्यामधल्या जागेत थोडं ग्रीस भरा. कोरडं सील कधीही बसवू नका.

तोंड कुठे करायचं? ज्या बाजूला स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे आत. सपाट बाजू बाहेर. हे उलटं झालं तर सील काही कामाचं नाही. दोन सीलं असलेल्या यंत्रात मात्र आधी पाहून ठेवलं होतं तसंच बसवा.

सीलवर हातोडी थेट मारू नका. सीलच्या कडेएवढ्या रुंदीचा पाइपाचा तुकडा किंवा सपाट लाकडी ठोकळा ठेवा आणि चारी बाजूंनी हलके ठोके देत सील सारखं आत जाऊ द्या. तिरपं जायला लागलं तर थांबा, काढा आणि पुन्हा सरळ लावा. झाकणाखालचं पॅकिंग नवं घाला. बोल्ट एकदम एक न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत या.

आता ब्रीदर काढून डिझेलने धुवा, फुंकर मारून आरपार हवा जाते का ते पाहा. तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. पुष्कळ टिलरच्या गिअर पेटीला ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. टिलर सपाट जागेवर ठेवून पातळीच्या खुणेपर्यंतच भरा. आठ-दहा तास चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळून पाहा आणि तेलाचा रंग तपासा.

काढलेलं खराब तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे द्या.

भर चिखलणीत सील गळू लागलं तर

अशी पाळी कुणावरही येते. तालुक्याला जायला वेळ नाही, मजूर बांधावर बसले आहेत. अशा वेळी फटीत सुतळी कोंबणं, एम-सील थापणं, तेलात काहीबाही औषध घालणं, यातलं काहीच करू नका. दोन-तीन दिवस निभावून न्यायचे तर रोज सकाळी प्लग सैल करून तळाचं पाणी जाऊ द्या, निखळ तेल दिसलं की प्लग आवळा आणि पातळी भरा. तेल दुधाळ झालं असेल तर सगळं बदला. धुरा बुडेल इतक्या खोल खाचरात टिलर नेऊ नका. जेवायला जाताना तो पाण्याबाहेर, बांधावर आणून उभा करा. तोवर सील मागवा आणि मिळालं की त्याच दिवशी बदला.

काळजी घेतली तर

रोज काम संपल्यावर चाक आणि रोटरी धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा सीलवर रोखून मारू नका. धुऱ्यावरची दोरी, पेंढा रोजच्या रोज काढा. लावणी आटोपल्यावर तेल तपासा. पाणी आढळलं तर पुढच्या वर्षावर न ढकलता तेव्हाच तेल आणि सील बदला, कारण पाणी घातलेली पेटी दहा महिने उभी राहिली की आतून गंजते. आणि टिलर उभा असतानाही महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवून थोडा पुढे-मागे फिरवा. सीलच्या ओठाला तेल लागतं, रबर मऊ राहतं.

बंधू-भगिनींनो, पावसाला अजून काही दिवस आहेत. दुकानात माल आहे, मेकॅनिकला वेळ आहे, तुम्हालाही आहे. रोहिणी संपून मृग लागला की यातलं काहीच हाताशी नसतं. तेव्हा उद्या सकाळीच ताडपत्री काढा, काचेची बरणी घ्या आणि प्लग दोन आटे सैल करून पाहा. तेल स्वच्छ निघालं तर प्लग आवळा आणि निर्धास्त राहा. दुधाळ निघालं तर सील चिखलणीआधी बदलून घ्या.